सबमीटर पळतोय का? घरच्या घरी तपासणी

दाट वस्तीत भाड्याच्या खोलीला वीज बहुधा घरमालकाच्या सबमीटरमधून, म्हणजे मुख्य मीटरच्या पुढे त्या खोलीपुरत्या लावलेल्या मीटरमधून मिळते. हा मीटर वीज कंपनीचा नसल्याने तो तपासायला कुणी फिरकत नाही. म्हणून हे आपणच करायचं.

साहित्य: १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब आणि मोबाइलचं स्टॉपवॉच. एलईडी नको, त्यावर छापलेले वॅट आणि तो खरोखर ओढतो ते वॅट जुळतीलच असं नाही. इस्त्रीही नको; तापली की ती आपोआप बंद होते.

आधी घरातले सगळे प्लग काढा, दिवे-पंखे बंद करा आणि पाच मिनिटं मीटरचा लाल दिवा बघा. तो लुकलुकतच राहिला तर घराचा एमसीबी (घराची सगळी वीज तोडणारा खटका) पाडा. आता थांबला, तर गळती घरातल्या वायरिंगमध्ये आहे. तरीही लुकलुकतोय, तर मीटर आणि एमसीबीच्या मधून कुणीतरी वीज घेतंय, तिथली वायर खराब आहे किंवा मीटरच बिघडलाय. तिथे स्वतः हात घालू नका, इलेक्ट्रिशियनला दाखवा.

मग एमसीबी चढवून फक्त बल्ब लावा. मीटरच्या पाटीवर एका युनिटला किती इम्पल्स, म्हणजे किती लुकलुकी, ते छापलेलं असतं. ३६,००,००० ला इम्पल्स आणि वॅट यांच्या गुणाकाराने भागलं की दोन लुकलुकींमधले सेकंद मिळतात. ३२०० इम्पल्सच्या मीटरवर ते ११.२५ येतात, म्हणजे वीस लुकलुकींना २२५ सेकंद. चूक होते ती मोजणीत: स्टॉपवॉच ज्या लुकलुकीला सुरू केलं ती ‘शून्य’ धरायची. तिला ‘एक’ म्हटलंत तर १९च अंतरं मोजली जातात, २१४ सेकंद येतात आणि चांगला मीटरही पाच टक्के पळताना दिसतो.

बल्बच्या वॅटमध्येही थोडा फरक असतो, म्हणून २०० सेकंदांच्या आत आलं तरच मीटरवर बोट ठेवा. व्होल्टेज दहा टक्के कमी असेल तर बल्ब सुमारे १५ टक्के कमी वीज ओढतो आणि पळणारा मीटरही बरोबर वाटतो. संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर दुपारी पुन्हा मोजा.

मीटर बरोबर असूनही बिल जड येत असेल, तर मुख्य बिलाची प्रत मागा. चढत्या टप्प्यांचे दर असतील तिथे दहा खोल्यांची वीज एका मीटरवर जमते आणि कमी वापरणाऱ्या घरालाही वरच्या टप्प्याचा दर बसतो. हे अन्यायाचं आहे, आणि सबमीटर बदलून ते सुटत नाही. सगळ्या सबमीटरांचं रीडिंग एकाच दिवशी लिहून बेरीज करा. मुख्य मीटरशी येणारा फरक जिन्याचा दिवा, पंप आणि गळतीचा. तो कुणाच्या माथी पडतोय ते घरमालकाला सगळ्यांनी मिळून विचारा.