कॉलेजच्या मैत्रिणीचं लग्न ठरलंय? मग हे आत्ताच ठरवून घ्या

आम्ही पाच जणी, अमळनेरला प्रताप कॉलेजात शिकलो, हॉस्टेलला तीन वर्षं सोबत काढली. आता एक सुरतला आहे, एक पुण्यात, एक नंदुरबारला शाळेत शिकवते, मी नाशिकला, आणि पाचवी अमळनेरचीच, तिचं मागच्या फेब्रुवारीत लग्न झालं. त्याआधी दोन मैत्रिणींची लग्नं आम्ही अगदी वाया घालवली असं मला मनापासून वाटतं, म्हंजे काय तर सकाळी हॉलवर पोचलो, स्टेजवर फोटो काढला, पंगतीत बसलो आणि संध्याकाळच्या गाडीने परत, पूर्ण दिवसात नवरीशी बोलणं झालं ते चार वाक्यं. म्हणून यावेळी आधीपासून ठरवून केलं, आणि ज्यांच्या मैत्रिणीचं लग्न जवळ आलंय त्यांच्यासाठी लिहितेय.

सगळ्यात आधी हे मनाशी पक्कं करा की लग्नाच्या दिवशी ती तुमची नसते. नातेवाईक, फोटोवाला, भटजी, सासरची मंडळी, सगळ्यांना ती हवी असते आणि तेच बरोबर आहे. तुमचा वेळ लग्नाच्या आधी काढायचा आणि लग्नानंतर काढायचा, त्या दिवशी फक्त तिच्या उपयोगी पडायचं.

तारीख कळली की लगेच सुट्टी टाका, हळदीचा दिवस, लग्नाचा दिवस आणि दुसरी सकाळ. रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं तर तो दिवस मोबाईलमध्ये लावून ठेवा. सुरतवाल्यांना सोपं आहे, ताप्ती लाईनची गाडी थेट अमळनेरला येते, नाशिकहून मी धुळ्यापर्यंत येऊन पुढे एसटी पकडते. लग्न वैशाखात असेल तर अजून एक बघा, अमळनेरला तेव्हा सखाराम महाराजांची यात्रा असते, एकादशीला रथ आणि पौर्णिमेला पालखी, बोरी नदीच्या पात्रात पाय ठेवायला जागा नसते. राहायचं आधीच बघून ठेवा. मंगळवारीसुद्धा मंगळग्रह मंदिरामुळे गावात गर्दी असते, रिक्षा लवकर मिळत नाही.

आता खरी गोष्ट, आधीचा दिवस. लग्नाच्या तीन-चार आठवडे आधी एक दिवस फक्त तुम्ही मैत्रिणी भेटा, हॉटेलात नको. आम्ही जानेवारीत तिच्या मामांच्या शेतात भरीत पार्टी केली. थंडीत भरताच्या वांग्यांचा सीझन असतो, बामणोदची मिळाली तर फारच छान, दहा-बारा जणांना चार-पाच किलो वांगी पुरतात. कपाशीच्या काड्या पेटवायच्या, वांगी त्यावर चांगली काळी होईपर्यंत भाजायची, मग हात पाण्यात बुडवत बुडवत साल काढायचं नाहीतर बोटं पोळतात, आणि लाकडी भांड्यात ठेचायची. वरून तेलात परतलेली हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत कळण्याची म्हंजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. नवरीला काही करू देऊ नका असं आपण म्हणतो पण तिलाही कामाला बसवा, कारण हात कामात असले की बोलणं आपोआप सुरू होतं, समोरासमोर खुर्च्या टाकून बसलं की नाही होत.

प्रत्येकीने कॉलेजातली एक वस्तू आणायची असं आम्ही ठरवलं होतं. कोणी आयकार्ड आणलं, कोणी फेअरवेलचा फोटो. आणि नवरीने आणली आमच्या खर्चाची वही, दूध, चहापत्ती, मेणबत्ती, कोणाकडे किती बाकी असं सगळं तीच लिहायची. पानं उलटता उलटता सेकंड इयरचा ऑगस्ट आला, त्यात सलग नऊ दिवस लिहिलेलं, मोसंबी, मोसंबी, ग्लुकोज, रिक्षा दवाखाना, आणि पुढच्या कॉलमात जिथं नाव लिहायचं तिथं काहीच नाही, नुसती रेघ. तेव्हा मला टायफॉईड झाला होता. ते पैसे माझ्या नावावर तिने लिहिलेच नव्हते आणि मला ते इतक्या वर्षांनी कळलं. मी काही बोलू शकले नाही, तीच म्हणाली साल काढ लवकर, वांगं गार होतंय. तर वस्तू आणायला सांगाच, पण साध्या वापरातल्या सांगा, शोभेच्या नको.

रुखवतात एक तरी वस्तू मैत्रिणींच्या हातची असू द्या. विकत मिळतात तयार, पण त्या सगळीकडे सारख्याच असतात. आम्ही पुठ्ठ्याची हॉस्टेलची खोली केली, पाच खाटा, खिडकीला दोरी आणि दोरीवर कापडाच्या तुकड्यांच्या ओढण्या, कोपऱ्यात काडेपेटीएवढी ती वही. दोन रात्री लागल्या. कामं वाटून घ्या आणि फेविकॉल पूर्ण वाळू द्या, आमची एक खाट प्रवासात निघाली होती.

भेटवस्तूसाठी वर्गणी काढताना रक्कम ग्रुपवर ठरवू नका. ज्या मैत्रिणीला सध्या नोकरी नाहीये तिला आधी वेगळा फोन करा, तिला जमेल तो आकडा सगळ्यांसाठी धरा. आम्ही चांदीचे पैंजण घेतले, साधेच.

भाषण करायचं असेल तर स्टेजवर अजिबात नको. मागच्या एका लग्नात आमच्यातली एक चार पानं लिहून घेऊन गेली आणि बँडमध्ये एक शब्द कोणाला ऐकू गेला नाही, फार वाईट वाटलं तिला. हळदीच्या रात्री वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीच्या पंगती उठल्या की घर जरा शांत होतं, तेव्हा गच्चीवर गोधड्या टाका आणि तिथं वाचा. पण बाराच्या आत तिला झोपायला पाठवा, दुसऱ्या दिवशी तिला तासंतास उभं राहायचंय.

लग्नाच्या दिवशी कामं वाटून घ्या. एकीने पूर्ण वेळ नवरीजवळच राहायचं, तिच्या पर्समध्ये सेफ्टी पिना, सुईदोरा, बिस्किटं, पाण्याची बाटली आणि स्ट्रॉ, डोकेदुखीची गोळी, चार्जर. दर तासाला तिला पाणी प्यायला लावा, ती मागणार नाही. एकीने तिच्या आजीकडे बघायचं. बाकीच्यांनी पंगतीत वाढायला उभं राहायचं, कोणी सांगायची वाट बघू नका.

आणि पाठवणी झाली की लगेच निघू नका, हे तर कराच. आम्ही दोघी त्या रात्री काकूंजवळ, म्हंजे तिच्या आईजवळ थांबलो. मांडव तसाच होता, घरभर अक्षता, काकू रिकाम्या खोलीत तिच्या ओढण्या घडी करत बसल्या होत्या. आम्ही चहा केला, भांडी आवरली, त्या रात्री दोनपर्यंत तिच्या लहानपणीचं सांगत होत्या.

नंतरची भेटही लग्नातच ठरवा, नाहीतर वर्षं जातात. आपल्याकडे खानदेशात त्यासाठी आखाजी म्हंजे अक्षय्य तृतीया आहेच, सासरच्या लेकी माहेरी येतात, मग मैत्रिणींनी पण तेव्हाच यायचं. तारीख पंचांगात बघून आम्ही हळदीच्या रात्रीच फिक्स केली. आखाजीला मी पोचले तर काकू ओट्यावरूनच म्हणाल्या, उनी का वं माय, आणि मागे निंबाच्या झोक्यावर ती बसलेली, आमच्या पैंजणांसकट, एका हातात सांजोरी आणि दुसऱ्या हाताने शेजारी सरकून जागा करत.