चंद्रावरच्या घराचा प्लॅन काढताना

आर्किटेक्चरच्या मुलांना अंतराळातलं घर दिलं की पहिल्याच शीटवर काचेचा घुमट उगवतो. मी तो पुसायला लावते. आधी आत राहणाऱ्या एका माणसाचा अख्खा दिवस लिहून काढा: झोप कुठे, घाम कुठे, भांडण झाल्यावर रुसून बसायचं कुठे.

मग घर नेणाऱ्या वाहनाचं माप घ्या. अंटार्क्टिकातलं आपलं 'भारती' स्थानक (२०१२) १३४ कंटेनर जोडून, त्यावर एकच कवच चढवून उभं केलंय. कंटेनर जहाजातून गेले आणि तेच घराचा सांगाडा झाले. शिवाय ते खांबांवर उचललंय, म्हणजे वाऱ्याबरोबर बर्फ खालून निघून जातो. तिथलं आपलं पहिलं स्थानक, बर्फावर बांधलेलं 'दक्षिण गंगोत्री', शेवटी बर्फातच गाडलं गेलं होतं. रॉकेटला हाच नियम लावा: त्याच्या पोटात न मावणारी भिंत काढूच नका.

आता कशाला लागून काय, ते ठरवा. इथे मी सगळ्यात जास्त मार्क कापते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात ट्रेडमिल आणि शौचालय एकाच भागात आहेत, आणि जेवणाचं टेबल लगतच्याच भागात. हाडं-स्नायू टिकवायला तिथे प्रत्येकाला रोज साधारण दोन तास व्यायाम, म्हणजे कुणी ना कुणी धापा टाकतंयच. ते स्थानक तुकड्यातुकड्यांनी वाढलं. तुमचा कागद कोरा आहे, तुम्हाला ती सबब नाही. व्यायाम एका टोकाला, झोप दुसऱ्या टोकाला.

झोपायची जागा टेलिफोन बूथएवढी असली तरी चालेल, पण प्रत्येकाची वेगळी आणि दार लागणारी हवी. तिच्या सेक्शनवर, म्हणजे उभ्या छेदाच्या चित्रावर, हवेचे बाण काढा. वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही. पंखा बंद पडला तर उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तोंडाभोवतीच साचतो. चंद्रावर थोडं गुरुत्व आहे म्हणून हा त्रास कमी, तरी बंद डब्यातली हवा खेळती ठेवावीच लागते. पंखा उशाशी घरघरणार नाही हेही बघा.

खिडकी हवीच. स्कायलॅब या अमेरिकेच्या पहिल्या अंतराळ स्थानकाच्या वेळी इंजिनिअर नको म्हणत होते, डिझायनर रेमंड लोवी अडून बसले, आणि १९७३मध्ये खिडकीसकट ते वर गेलं. चंद्रावर मात्र किरणोत्सर्ग अडवायला छपरावर तिथल्याच मातीचा जाड थर लागतो. म्हणून खिडकी लहान ठेवा, जेवणाच्या टेबलाशी. टेबलाभोवती सगळे एकदम बसले पाहिजेत. पाळ्या लावून जेवणारी टोळी फार दिवस गुण्यागोविंदाने राहत नाही, असं माझं मत.

राहिली धूळ. चंद्राची धूळ धारदार असते, अपोलोच्या यानांतही ती कपड्यांबरोबर आत शिरली. स्पेससूट भिंतीच्या बाहेरच्या बाजूला पाठ लावून टांगा, माणसाने आतूनच पाठीच्या दारातून त्यात शिरावं, म्हणजे धूळ सूटबरोबर बाहेरच राहते. हा तपशील १:२० स्केलमध्ये, वेगळ्या शीटवर.