डिफेन्सिव्ह लाइनमनचा थ्री-पॉइंट स्टान्स: पाय कुठे, वजन कुठे

अमेरिकन फुटबॉलमध्ये स्नॅप (चेंडू मागे देऊन खेळ सुरू करणं) कधी होणार हे ऑफेन्सला, म्हणजे चेंडू असलेल्या संघाला ठाऊक असतं, डिफेन्सला नसतं. ही पिछाडी डिफेन्सच्या पुढच्या फळीतल्या लाइनमनला पहिल्या पावलातच भरून काढायची असते आणि ते पाऊल कसं पडणार हे स्टान्सवर, म्हणजे दोन पाय आणि एक हात टेकून घेतलेल्या पवित्र्यावर ठरतं.

सुरुवात पायांपासून करा. दोन्ही पायांत खांद्यांइतकं अंतर ठेवा, फार तर दोन-तीन इंच जास्त. उजवा हात टेकणार असाल तर उजवा पाय मागे. फळीच्या मध्यभागी खेळणाऱ्या लाइनमनने, म्हणजे टॅकलने, मागच्या पायाची बोटं पुढच्या तळव्याच्या मध्याशी ठेवावीत, कारण त्याला डावी-उजवीकडेही सरकावं लागतं. फळीच्या कडेला खेळणाऱ्या एंडला क्वार्टरबॅकवर (चेंडू फेकणाऱ्या खेळाडूवर) धाव घ्यायची असते, म्हणून त्याचा मागचा पाय टाचेच्याही मागे जातो, शंभर मीटरच्या धावपटूसारखा. पावलं सरळ पुढे. ती बाहेर वळली की चवड्यांचा रेटा वाया जातो.

आता गुडघ्यांत वाका, कोपरं मांड्यांवर टेका आणि तिथूनच उजवा हात खांद्याच्या किंचित पुढे जमिनीवर सोडा. फक्त बोटांची टोकं टेकवा. पंजा सपाट ठेवलात तर खांदा खाली जातो आणि हात उचलायला उशीर होतो. पाठ पाटासारखी सपाट, कंबर खांद्यांपेक्षा थोडी वर, मागची टाच उचललेली. मोकळा हात गुडघ्याजवळ तयार असू द्या. त्या हाताचं कोपर मांडीवर विसावलं तर प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर हात आदळायला तेवढाच उशीर होतो.

वजन तपासायची खात्रीची पद्धत: जोडीदाराला तुमचा टेकलेला हात अचानक उडवायला सांगा. तोंडावर आपटलात तर भार जास्त आहे. जागचे हललाच नाहीत तर कमी. एक पाऊल पुढे टाकून सावरावं लागलं, तर अगदी बरोबर.

नजर समोरच्यावर, पण डोळ्यांच्या कडेने चेंडू दिसलाच पाहिजे. क्वार्टरबॅकच्या आवाजावर कधीच निघू नका. तो मुद्दाम चकवतो, आणि ऑफसाइडचे (स्नॅपआधी रेषा ओलांडल्याच्या दंडाचे) 5 यार्ड फुकट जातात. धडकेच्या वेळी डोकं वर ठेवा आणि आधी हात भिडवा. डोकं खाली घालून शिरणं मानेसाठी फार धोक्याचं असतं. यात तडजोड नाही.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे पाय फार फाकवणं. मग पहिलं पाऊल पुढे पडण्याऐवजी आधी शरीराखाली ओढलं जातं आणि तेवढ्यात समोरचा अंगावर येतो. पहिलं पाऊल मागच्या पायाचं, साधारण सहा इंचांचं आणि जमिनीलगत हवं.

गोल लाइनपाशी (जी ओलांडली की ऑफेन्सला गुण मिळतात) दोन्ही हात टेकून फोर-पॉइंट घेतात. त्यात खालून रेटा जबरदस्त मिळतो, पण बाजूला सरकणं अवघड होतं.

सराव करताना फोनवर बाजूने चित्रण करा. स्नॅपनंतर हेल्मेट पुढे जाण्याआधी वर उचललं जात असेल, तर कंबर फार खाली बसली आहे. ती दोन इंच वर घ्या आणि पुन्हा तपासा.