एअर सस्पेंशनचा स्ट्रट बदलायचाय? आधी हवा कुठून जाते ते शोधा

पुण्या-मुंबईहून किंवा बेंगळुरूहून आणलेली सेकंडहँड मर्सिडीज, ऑडी क्यू७ नाहीतर रेंज रोव्हर आता बेळगाव शहरातच नाही, निपाणी, चिकोडी, खानापूरकडेही दिसते. घेताना सौदा परवडतो. मग एखाद्या सकाळी गाडी एका कोपऱ्यात टेकलेली दिसते, मडगार्ड टायरला लागलेला असतो आणि सुरू केल्यावर कॉम्प्रेसर घरघरत बसतो. गॅरेजमध्ये नेली की पहिला सल्ला मिळतो, 'चारही स्ट्रट बदला साहेब.' निम्म्या वेळा चारांची गरज नसते, आणि कधीकधी एकाचीही नसते.

रचना थोडक्यात अशी. लोखंडी स्प्रिंगच्या जागी जाड रबराचा बलून, बऱ्याच गाड्यांत त्याच्या पोटातच शॉकअब (शॉक ॲब्झॉर्बर). दोन्ही मिळून स्ट्रट. कॉम्प्रेसर हवा भरतो, व्हॉल्व्ह ब्लॉक ती चार चाकांना वाटतो आणि चाकांपाशी बसवलेले हाइट सेन्सर गाडी किती वर आहे ते कंट्रोलरला सांगतात. बलूनचं रबर वयानं मरतं. घडी जिथे उलटते तिथे बारीक चिरा पडतात. आपल्याकडे मातीचीही भर पडते. जांबोटी-कणकुंबीकडून चोर्ला घाटाने गोव्याला ये-जा करणाऱ्या गाड्यांच्या घडीत लाल चिखल बसतो. चिकोडी-रायबागकडची काळी माती वाळली की दगडासारखी होते आणि गाडी खाली-वर होताना रबर घासत राहते. धुळीपासून वाचवणारं बाहेरचं बूट फाटलं असेल तर हे दुप्पट वेगाने होतं.

खात्री

लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच, त्यामुळे घाई नको. गाडी सपाट फरशीवर उभी करा. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंनी टेपने मोजून कागदावर लिहा. टायरमधली हवा कमी-जास्त असली तरी हे माप बदलत नाही, म्हणून जमिनीपासून मोजू नका.

आता सस्पेंशनचा फ्यूज काढा आणि मगच झोपायला जा. याचं कारण फार कमी लोक सांगतात. काही गाड्यांचा कंट्रोलर रात्रीतून मधेच जागा होतो, एक कोपरा खाली गेलेला बघतो आणि गाडी समपातळीत राहावी म्हणून बाकीच्या तिन्ही बलूनमधली हवा स्वतःच सोडून देतो. सकाळी चारही चाकं बसलेली. मालक घाबरतो, गॅरेजवाला चार स्ट्रटचं कोटेशन काढतो. फ्यूज काढलेला असेल तर फक्त गळणारा कोपराच बसेल. डिसेंबर-जानेवारीत बेळगावच्या थंडीने बलूनमधली हवा आकसते आणि चारही बाजू थोड्या खाली येतात, ते धरू नका. एक बाजू ठळक खाली गेली तरच दखल घ्या.

कोपरा कळला तरी स्ट्रटच दोषी आहे असं नाही. फ्यूज परत लावा, गाडी सर्वांत वरच्या उंचीला न्या, म्हणजे घडी उघडते. मग साबणाचं दाट पाणी स्प्रेच्या बाटलीतून आधी वरच्या नळीच्या फिटिंगवर, मग बलूनवर मारा. फिटिंगपाशी बुडबुडे आले तर देवाचे आभार माना, ते काम शेकड्यांत होतं. बलूनच्या घडीतून बारीक फेस एकसारखा वाढत राहिला तर स्ट्रट गेला. काहीच दिसलं नाही तर गाडी नेहमीच्या उंचीला आणून पुन्हा बघा. काही चिरा घडी विशिष्ट जागी आल्यावरच तोंड उघडतात. पुढची दोन्ही किंवा मागची दोन्ही चाकं एकदम बसत असतील तर व्हॉल्व्ह ब्लॉकवर संशय घ्या.

हे सगळं करताना टायर आणि मडगार्डच्या मधल्या फटीत हात घालायचा नाही आणि गाडीखाली झोपायचं नाही. बलूनने अचानक हवा सोडली तर गाडी क्षणात खाली येते, हात काढायला वेळ मिळत नाही.

सामान

पार्ट नंबर चॅसिस नंबरवरूनच काढा. डावा-उजवा बऱ्याचदा वेगळा असतो, आणि इलेक्ट्रॉनिक शॉकअबची वायर असलेला व नसलेला हेही वेगळे. फोटो बघून मागवलेला स्ट्रट परत पाठवण्यात आठवडा जातो. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मुंबई-बेंगळुरूहून पार्सल सकाळी येतं हे खरं, पण उलट दिशेने पैसे तितक्या लवकर येत नाहीत.

नवा घ्यावा की रिबिल्ट? रिबिल्ट म्हणजे जुन्या शॉकअबवर नवा बलून. विकणारा शॉकअबची तपासणी दाखवत असेल आणि लेखी वॉरंटी देत असेल तर चालतो, नाहीतर माझं मत नव्याकडे. दुसऱ्याच्या गाडीतून उतरवलेला वापरलेला स्ट्रट मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी नको, त्याचं रबरही आपल्याच्याच वयाचं असतं. एक बाजू गेली असेल तर त्याच ॲक्सलची दुसरी बाजूही बदलणं चांगलं. बजेट नसेल तर निदान तिची साबणपरीक्षा घ्या आणि मग ठरवा.

लोखंडी कॉइल बसवून मोकळे व्हा, असाही सल्ला मिळतो. गाडी चालते, पण उंची बदलण्याची सोय जाते, डॅशबोर्डवरचा इशारा गप्प करायला वेगळा खटाटोप करावा लागतो आणि पुढे विकताना गिऱ्हाईक पैसे कापतं. ज्याला गाडी पाच-सहा वर्षं ठेवायची आहे त्याने हवेवरच राहावं.

स्ट्रटबरोबर नवे लॉकनट आणि नळीचं नवं फिटिंग घ्या. फिटिंग लेथवर बनवून घेण्याचा मोह आवरा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत काय वाटेल ते बनतं, बुश प्रेस करण्यापासून हायड्रॉलिकच्या पाइपपर्यंत, पण या फिटिंगच्या आतली सीलची जागा केसभर चुकली तरी गळती कायमची. कॉम्प्रेसरचा रिलेही (त्याला चालू-बंद करणारा स्विच) याच वेळी बदला. गळक्या बलूनमुळे तो दिवस-रात्र राबलेला असतो. त्याचे पॉइंट चिकटले तर कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि जळतो.

काढणं

जमीन पक्की हवी. अंगणातल्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर किंवा पेव्हर ब्लॉकवर हे काम करू नका, गाडी तोलून धरणारा स्टँड रुततो. मागच्या चाकांना ठोकळे लावा. गाडीत जॅक मोड (जॅक लावलेला असताना उंची बदलणं थांबवणारी सोय) असेल तर चालू करा, नसेल तर सस्पेंशनचा फ्यूज काढा. किल्ली गाडीपासून लांब ठेवा आणि दारं उघडझाप करू देऊ नका, कारण काही गाड्या दार उघडलं की उंची सारखी करायला लागतात. जॅकने उचलून बॉडीच्या ठरलेल्या जागेखाली दोन्ही बाजूंना स्टँड लावा. जॅकवर टेकलेल्या गाडीखाली कोणी जायचं नाही, अगदी पाना घ्यायलाही नाही.

चाक काढलं की आधी हवा सोडायची. स्कॅनरने (गाडीच्या कंट्रोलरला जोडायचं यंत्र) सोडता आली तर उत्तम. नसेल तर डोळ्यांवर चष्मा लावून वरच्या फिटिंगचा नट अर्धा फेरा सैल करा. 'फुस्स' आवाज येईल, तो पूर्ण थांबेपर्यंत हात बाजूला. या सिस्टीममधला दाब टायरच्या हवेच्या कितीतरी पट असतो. हवा असताना स्ट्रटचे वरचे नट सोडले तर स्ट्रट उसळी मारतो. सुटलेल्या नळीच्या तोंडाला स्वच्छ टेप लावा. लाल मातीचा एक कण व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये गेला की नवं दुखणं.

मग शॉकअबची वायर, हाइट सेन्सरची दांडी, स्टॅबिलायझरची लिंक, ब्रेक पाइप आणि एबीएस वायरचे क्लिप सोडवा. मांडणी गाडीगणिक बदलते, पण बहुतेक गाड्यांत पुढच्या बाजूला अपर आर्मचा बॉल जॉइंट सोडवल्याशिवाय स्ट्रट निघत नाही. तो सुटला की नकल, म्हणजे चाक धरणारा भाग, बाहेर कलंडतो, म्हणून आधीच दोरीने बांधून ठेवा. त्याचं वजन ब्रेक पाइपवर लटकता कामा नये. खालचा मोठा बोल्ट काढा, शेवटी बोनेटमधले वरचे नट. मधल्या नटाला हात लावायचा नाही, तो शॉकअबचा असतो. इथे कॉइल स्प्रिंग नसल्याने स्प्रिंग दाबायचं शिकंजं लागत नाही, तेवढाच त्रास वाचतो.

बसवणं

बहुतेक नवे स्ट्रट थोडी हवा भरूनच येतात, बलूनची घडी जागेवर राहावी म्हणून. तोंडावरचं झाकण जोडायच्या क्षणापर्यंत काढू नका. 'एकदा हवा भरून बघू' म्हणून टायरच्या दुकानात तर नेऊच नका. गाडीबाहेर मोकळ्या बलूनला धरायला काही नसतं, तो फुटू शकतो.

स्ट्रट आत घालताना बलूनला पीळ पडू देऊ नका. वरचे नट आधी हाताने, मग टॉर्क रेंचने (ठरल्या जोराने आवळणारा पाना), गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे. खालचा बोल्ट मात्र आता फक्त हाताने घट्ट. चाक लोंबकळत असताना तो पूर्ण आवळला तर रबरी बुश त्याच अवस्थेत अडकतो आणि गाडी खाली आल्यावर कायम पिळलेला राहतो. शेवटचं आवळणं गाडी नेहमीच्या उंचीला आल्यावर.

नळीच्या टोकावर जुन्या फिटिंगचे ओरखडे असतील तर धारदार ब्लेडने काटकोनात थोडं कापा. पक्कडीने कापलं की टोक चपटं होतं. नळी आत ठरल्या खुणेपर्यंत ढकला, नट आवळा, पण जोर लावून नाही. हे पितळ आहे, ट्रॅक्टरचा बोल्ट नाही. सीलला ग्रीस किंवा तेल लावायचं नाही.

आधी हवा, मग वजन

नवे स्ट्रट पहिल्याच दिवशी फाटतात ते इथे. रिकाम्या बलूनवर गाडीचं वजन टेकलं की घडी चुकीच्या जागी चेपते आणि तिथेच चीर पडते. त्यामुळे गाडी स्टँडवर असतानाच स्कॅनरने हवा भरून घ्या. स्कॅनर नसेल तर एक अडचण लक्षात ठेवा: चाक लोंबकळतंय तोवर सेन्सर म्हणतो 'गाडी फार वर आहे', आणि कंट्रोलर भरायच्याऐवजी हवा सोडतो. मग चाक लावा, फ्यूज घाला, स्टँड काढून जॅकवर गाडी इंचाइंचाने खाली घ्या. वजनाचा मोठा वाटा जॅकवरच ठेवून इंजिन चालू करा. उंची ठरलेल्या रेषेच्या जरा खाली गेली की कॉम्प्रेसर भरायला लागेल. बलून फुगताना दिसला की मग थोडं थोडं सोडा. कॉम्प्रेसर एका दमात सगळं भरू शकत नाही. तापला तर स्वतः बंद पडतो. दहा-पंधरा मिनिटं विश्रांती द्या, पुन्हा चालू करा.

यात जीव धाकधूक होत असेल तर एवढ्याच कामासाठी स्कॅनरवाला मेस्त्री घरी बोलवा. बेळगावात, नाहीतर कोल्हापूर-हुबळीला असे लोक आहेत. पुढे उंचीचं कॅलिब्रेशन (कंट्रोलरला बरोबर उंची शिकवणं) करायलाही तोच लागणार आहे. त्या वेळी बॅटरीला चार्जर जोडून ठेवा, कॉम्प्रेसर करंट भरपूर ओढतो आणि मधेच व्होल्टेज पडलं तर कॅलिब्रेशन अर्धवट राहतं. सुरुवातीला कागदावर लिहिलेली मापं इथे कामी येतात.

गाडी उंचीला आली की खालचा बोल्ट टॉर्कने आवळा, फिटिंगवर पुन्हा साबणाचं पाणी मारा आणि हायवेवर काढण्याआधी आसपासच चार-दोन किलोमीटर फिरवून आणा. वंटमुरीच्या घाटात पहिली चाचणी घ्यायची हौस नको. व्हील अलाइनमेंट त्याच आठवड्यात करा, नाहीतर टायरची आतली कड झिजायला लागते.

त्या रात्री पुन्हा फ्यूज काढून गाडी उभी करा आणि सकाळी टेप लावा. माप जुळलं तर फ्यूज लावून गाडी वापरायला घ्या. पावसाळ्यात दर धुण्याला पाण्याचा सौम्य फवारा बलूनच्या घडीत मारून चिखल काढा. प्रेशर वॉशरची धार मात्र जवळून नको.