ढगातून उतरण्याआधी

ढगात, फक्त उपकरणांच्या भरवशावर विमान उडवायला निघताना करायच्या यादीत सगळ्यात वर पर्यायी विमानतळाचं नाव लिहा, ठरलेल्या ठिकाणी उतरता आलं नाही तर जायचं तिथलं. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे इंधन ठरलेल्या ठिकाणापर्यंत, तिथून पर्यायी विमानतळापर्यंत आणि वर ४५ मिनिटांचं लागतं. छोट्या विमानात ही ४५ मिनिटं मी दीड तास धरतो. टाकी भरलेली असली की परत फिरायला मन तयार होतं.

मग नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या सूचना (काय बंद आहे, काय बदललंय), वाचा अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. २२ मे २०२५ च्या पहाटे सॅन डिएगोच्या माँटगोमेरी-गिब्ज विमानतळावर धुक्यात उतरू पाहणारं सेसना सायटेशन धावपट्टीच्या सुमारे दोन मैल अलीकडे विजेच्या तारांना धडकलं आणि वस्तीवर कोसळलं. आतले सहाही जण गेले. तिथले अप्रोच लाइट्स, म्हणजे धावपट्टीकडे नेणारे दिवे, बंद होते, हवामान नोंदवणारं यंत्रही बंद होतं. वैमानिकाला जवळच्या मिरामार तळाचं हवामान मिळालं: दृश्यमानता अर्धा मैल, ढग २०० फुटांवर. कुठले दिवे चालू आहेत हे निघण्याआधी, डोकं ताजं असतानाच पाहून ठेवा. रात्रभर उडाल्यावर ते वाचणं होत नाही.

अल्टिमीटर (उंची दाखवणारं यंत्र) ज्यावर लावायचा तो हवेच्या दाबाचा आकडा टॉवरने सांगितला की मोठ्याने परत म्हणा आणि बोट ठेवून पडताळा. २९.९२ च्या जागी ३०.०२ लागला तर विमान काट्यापेक्षा १०० फूट खाली असतं. आयएलएसवर (धावपट्टीपर्यंत नेणाऱ्या रेडिओ-संकेतांवर) निर्णयाची उंची, म्हणजे धावपट्टी दिसली नाही तर परत वर जायची उंची, साधारण २०० फूट, म्हणजे निम्मी तिथेच गेली.

पिटो हीट (वेग मोजणाऱ्या नळीवर बर्फ धरू न देणारा हीटर) तपासा, टॉर्च, जास्तीची बॅटरी घ्याच. सहा महिन्यांत सहा अप्रोच (उपकरणांवर धावपट्टीकडे उतरणं) झाले की नियमाचा कागद पुरा होतो, पण गेल्या महिनाभरात प्रशिक्षकाबरोबर हूड (बाहेरचं दिसू न देणारी झापड) लावून उडाला नसाल तर ढग ५०० फुटांच्या खाली असताना निघू नका.

मिस्ड अप्रोचची, म्हणजे न उतरता परत वर जाण्याची, पहिली चढाई आणि पहिलं वळण नी-बोर्डवर (मांडीवर बांधायच्या पाटीवर) लाल पेनाने मोठ्या अक्षरात लिहा. ९० नॉट्सला शेवटचे २०० फूट अर्ध्या मिनिटात संपतात, तेव्हा प्लेट (उतरण्याच्या मार्गाचा छापील नकाशा) शोधायला वेळ नसतो. वर जायला थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवणारा दांडा) पुढे ढकलला की ढगात नाक फार वर गेल्याचा भास होतो आणि हात आपोआप योक (नाक वरखाली करणारं सुकाणू) पुढे ढकलतो, म्हणजे नाक खाली जातं. नजर कृत्रिम क्षितिजावरच ठेवा.

आणि निघताना घरी फोन करून सांगा: कदाचित दुसऱ्याच गावी उतरेन, तिथून गाडीने येईन, जेवायला थांबू नका.