'लेन्स गेली' म्हणण्याआधी

गेम कन्सोल डिस्क वाचेनासा झाला की माझ्या भाच्याचा फोन येतो, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "मावशी, अगं लेन्स गेली वाटतं." लेन्स सहसा गेलेली नसते. एकदा डिस्कवर तेलकट बोटांचे ठसे होते. एकदा स्लॉटमध्ये आधीच एक डिस्क बसलेली होती आणि हा वरून दुसरी ढकलत होता. एकदा तर डिस्कच्या मधल्या भोकापाशी नाव लिहून चिकटवलेला कागद निघाला. तेवढ्याशा कागदाने डिस्कचा तोल जात होता आणि ड्राइव्ह, म्हणजे डिस्क फिरवून वाचणारा भाग, घरघरत होता. लेन्समधून डिस्कवर प्रकाश टाकणारा लेझर खरोखर दमलेला मी एकाच कन्सोलमध्ये पाहिला, आणि तो कन्सोल माझा होता.

म्हणून त्याला एक गोष्ट पढवून ठेवली आहे: पडद्यावरच्या संदेशावरून निदान करायचं नाही. 'डिस्क वाचता येत नाही' हे कन्सोल डिस्क मळलेली असली तरी सांगतो, लेन्सवर धूळ असली तरी सांगतो, मोटर अडली तरी तेच सांगतो. कुठली डिस्क अडते, कधी अडते आणि अडताना आवाज कसला येतो, हे तिन्ही कागदावर लिहा. बहुतेक वेळा स्क्रूड्रायव्हर शोधायची गरजच पडत नाही.

कुठली डिस्क, यापासून सुरुवात करा. निदान तीन वेगवेगळ्या डिस्क घालून बघा. एकच अडली तर डिस्क तपासायची, सगळ्या अडल्या तर ड्राइव्ह. इथवर सगळ्यांनाच सुचतं. फसगत त्यापुढे होते, कारण प्रत्येक प्रकारच्या डिस्कला वेगळा प्रकाश लागतो. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश, डीव्हीडीला ६५० चा लाल, ब्लू-रेला ४०५ चा निळसर जांभळा. त्यामुळे सिनेमाची डीव्हीडी छान चालते आणि ब्लू-रेवरचा गेम मात्र ओळखूच येत नाही, असं होऊ शकतं. मोटर आणि यंत्रणा ठीक असते, फक्त निळा लेझर कमजोर झालेला असतो किंवा त्याच्या वाटेत धूळ असते. जुन्या प्लेस्टेशन २ वर हाच प्रकार वेगळ्या रूपात दिसतो. त्याचे काही गेम निळ्या झाकेच्या सीडीवर यायचे आणि बाकीचे चंदेरी डीव्हीडीवर. त्यातला एकच प्रकार रुसला असेल तर डिस्क घासत बसू नका.

या चाचणीत आणखी एक खड्डा आहे. प्लेस्टेशन ४ आणि ५ गाण्यांची सीडी वाचतच नाहीत, तशी सोयच त्यांत नाही. एक्सबॉक्स वनवर सिनेमाची ब्लू-रे लावायची तर आधी त्यासाठीचं अ‍ॅप उतरवून घ्यावं लागतं. दुसऱ्या प्रदेशाच्या कोडची सिनेमाची डिस्कही नाकारली जाते. या तिन्हींत बिघाड काहीच नसतो. भाच्याने एकदा गाण्यांची सीडी घालून "बघ, हीसुद्धा नाही चालत" म्हणून पुरावा दिला होता. चाचणीला त्याच कन्सोलचे गेम घ्या.

आता कधी अडते ते. डिस्कचं वाचन आतून, म्हणजे भोकाच्या बाजूने सुरू होतं. घातल्या घातल्या ओळखच पटत नसेल तर आतल्या कड्याकडे बघा. इन्स्टॉल दर वेळी एकाच टक्क्यावर थांबत असेल तर त्या जागी ओरखडा किंवा डाग असण्याची शक्यता मोठी. पण प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनपासून गेम आधी हार्ड डिस्कवर उतरतो आणि तिथूनच चालतो. डिस्क लागते ती गेम तुमच्याकडे आहे हे दाखवायला. तेव्हा या कन्सोलवर इन्स्टॉल सुरळीत झालं आणि खेळता खेळता मधेच गेम गोठायला लागला, तर संशय हार्ड डिस्कवर घ्या. मी दोन दिवस बिचाऱ्या ड्राइव्हच्या मागे लागले होते, शेवटी दोष हार्ड डिस्कचा निघाला.

आवाजासाठी टीव्ही बंद करा, पंख्याचा आवाज सोडून द्या आणि डिस्क घालताना कान कन्सोलजवळ न्या. बरा ड्राइव्ह डिस्क ओढून घेतो, बारीक टकटक करतो (तेव्हा लेन्स वरखाली होऊन फोकस शोधत असते) आणि मग वेग धरतो. टकटक झाली पण डिस्क फिरलीच नाही, तर बहुधा परावर्तित प्रकाश लेन्सपर्यंत पोचत नाही: लेन्स मळलेली, लेझर कमजोर किंवा डिस्क उलटी. हो, उलटी. उभ्या ठेवलेल्या कन्सोलमध्ये छापील बाजू नेमकी कुठे करायची याचा घोळ माझाही होतो. डिस्क फिरते, थांबते, पुन्हा फिरते, असं चालू राहिलं तर आतल्या कड्यावरची सुरुवातीची माहिती त्याला लागत नाहीये. आणि खरखर, घासल्यासारखा आवाज आला तर ताबडतोब डिस्क बाहेर काढा. तो आवाज ऐकत प्रयोग करत राहिलात तर डिस्कवर गोल चरा पडेल.

गोल चऱ्याला मी का भिते ते सांगते. डिस्कवर माहिती लिहितानाच चुका दुरुस्त करण्याची सोय केलेली असते. सीडीवर माग (गोल गोल फेऱ्यांत जाणारी माहितीची बारीक रेघ) अंदाजे अडीच मिलिमीटर सलग पुसला गेला तरी ड्राइव्ह तो भाग हिशेबाने परत जुळवतो. केंद्रापासून कडेकडे गेलेला आडवा ओरखडा प्रत्येक फेऱ्यातला जेमतेम केसाएवढा भाग खातो, तो चालून जातो. फेऱ्याच्या दिशेने गेलेला चरा मात्र एकाच मागाचा लांबलचक तुकडा गिळतो. म्हणून डिस्क नेहमी केंद्रापासून बाहेर, सरळ रेषेत पुसायची. ताट पुसल्यासारखी गोल गोल कधीही नाही. आणि डिस्क फिरत असताना कन्सोल आडव्याचा उभा करायचा नाही, जागेवरून सरकवायचाही नाही.

पुसायला चष्म्याचं मऊ फडकं पुरतं. ठसे निघत नसतील तर फडकं पाण्याने किंचित ओलं करा. तरीही चिकटपणा राहिला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब. मग पूर्ण वाळू द्या. थंड जागेतून उबदार खोलीत आणलेल्या डिस्कवर आणि लेन्सवरही दव धरतं. अशा वेळी तासदोन तास नुसतं थांबणं हाच इलाज.

ओरखडे घालवायला डिस्कवर टूथपेस्ट घासतात, त्याबद्दल बोलायलाच हवं, कारण ती चूक मी केली आहे. सगळ्या डिस्कची जाडी सारखीच, १.२ मिलिमीटर, पण माहिती असते वेगवेगळ्या खोलीवर. सीडीत ती थेट छापील लेबलखाली असते, म्हणून चकचकीत बाजूवर ओरखडे असले तरी वर प्लास्टिक भरपूर असतं. डीव्हीडीत ती मधोमध, ०.६ मिलिमीटरवर. या दोन्हींचा वरचा थर घासून, चकाकी आणून कधी कधी वाचवता येतो. ब्लू-रेत माहिती पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर असते आणि वर एक कठीण लेप असतो. मी त्या लेपावर टूथपेस्ट घासली. आधी एका जागी अडणारी डिस्क त्यानंतर ओळखूच येईना. सगळा पृष्ठभाग धुकट झाला होता. ब्लू-रे फक्त पुसा, घासू नका. सीडीचं उलटं आहे: तिला जपायचं ते छापील बाजूने. उजेडासमोर धरून लेबलमधून टाचणीएवढी भोकं चमकताना दिसली तर तिथला परावर्तक थरच गेला आहे. कितीही घासलंत तरी गेलेला थर परत येत नाही.

डिस्क स्वच्छ, तरी तक्रार कायम? मग उघडण्याआधी दोन सोपे उपाय करा. कन्सोल पूर्ण बंद करून वायर काढा आणि काही मिनिटांनी पुन्हा लावा. विश्रांती अवस्थेतून जागं केलेले कन्सोल कधी कधी ड्राइव्हला ओळखत नाहीत. प्लेस्टेशन ४ किंवा ५ असेल तर बंद अवस्थेत पॉवरचं बटण दुसरी बीप ऐकू येईपर्यंत, साधारण सात सेकंद, दाबून धरा. सेफ मोड, म्हणजे दुरुस्तीच्या पर्यायांची यादी, उघडेल. कंट्रोलर यूएसबी वायरने जोडा आणि डेटाबेस पुन्हा बांधण्याचा पाचवा पर्याय घ्या. यात जतन केलेले खेळ जात नाहीत. त्याच्या खालचे सगळं मूळपदावर नेणारे पर्याय मात्र सर्व पुसतात, तेव्हा घाईत खालच्या ओळीवर बोट जाऊ देऊ नका. उभा कन्सोल आडवा ठेवूनही बघा, अर्थात डिस्क काढून. माझा दमलेल्या लेझरचा कन्सोल आडवा ठेवल्यावर आणखी चार महिने चालला होता.

लेन्स साफ करणाऱ्या, बारीक ब्रश लावलेल्या डिस्क मिळतात. ट्रे असलेल्या जुन्या यंत्रात मी एकदा वापरली आणि फरक पडला. डिस्क आत ओढून घेणाऱ्या स्लॉटच्या ड्राइव्हमध्ये मी ती घालत नाही. ब्रश अडला तर काढणं मुश्कील. हाताने साफ करायची तर कन्सोल उघडावा लागतो, आणि इथे हमीची मुदत आधी बघून घ्या.

उघडायचाच असेल तर वायर काढा, थोडा वेळ जाऊ द्या आणि वीजपुरवठ्याची बंद पेटी अजिबात खोलू नका. तिच्यात वीज साठून राहते. प्रत्येक टप्प्यावर फोनने फोटो काढा. कागदावर कन्सोलचा आकार रेखाटून स्क्रू त्या त्या जागी चिकटपट्टीने लावा, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते. चपट्या रिबन वायरीच्या टोकाला बहुतेक वेळा एक चिमुकली खिट्टी असते. ती आधी उचला, मग वायर काढा. मी तशीच ओढली होती; वायर फाटली आणि लेन्सची धूळ हा प्रश्न एकदम किरकोळ झाला.

लेन्स नाजूक तारांवर तरंगत असते. कापसाच्या काडीचं टोक अल्कोहोलने जेमतेम ओलं करा आणि लेन्सवर नुसतं टेकवून फिरवा. ती दाबली गेली तर जोर जास्त झाला. फुंकर नको, तिच्यासोबत थुंकी उडते. पाच मिनिटं वाळू द्या. लेन्स ज्या दांड्यांवरून सरकते तिथलं जुनं वंगण घट्ट झालं असेल तर ते पुसून अगदी थोडं नवं लावा. दर वेळी बाहेरच्या कड्याशीच अडण्याचं हेही एक कारण असतं. उघड्या ड्राइव्हला वीज देऊन लेन्समध्ये डोकावायचं नाही, लेझर डोळ्याला घातक आहे. लेझरची ताकद वाढवायचा बारीक स्क्रू काही ड्राइव्हमध्ये दिसतो, तोही सोडून द्या. वाढवलेल्या ताकदीवर लेझर काही दिवस चालतो आणि मग लवकर संपतो.

लेझरच संपला असेल तर शक्यतो तेवढाच भाग बदला. एक्सबॉक्स ३६०, प्लेस्टेशन ३ अशा कन्सोलमध्ये ड्राइव्हची सर्किट पट्टी मुख्य बोर्डाशी जोडीने बांधलेली असते. दुसऱ्या कन्सोलचा अख्खा ड्राइव्ह आणून बसवलात तर गेम चालत नाहीत. आपली मूळ पट्टी नव्या ड्राइव्हवर चढवावी लागते. २०२३ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ च्या नव्या रूपात ड्राइव्ह वेगळा काढता येतो, पण तोही पहिल्यांदा जोडताना इंटरनेटवरून नोंदवावा लागतो. नव्या लेझरवर स्थिर विजेपासून बचावासाठी कधी कधी डाखाचा एक ठिपका मुद्दाम ठेवलेला असतो. बसवताना तो काढायचा विसरलात तर नवा भागही मेलेलाच वाटेल.

झाकण बसवा, पण स्क्रू दोनच लावा. पहिल्या दिवशी अडलेल्या त्याच तीन डिस्क त्याच क्रमाने घाला आणि आवाज ऐका. तिन्ही चालल्या की उरलेले स्क्रू लावा आणि कागदाकडे बघा. भाच्याच्या कागदावर मागच्या वेळी एक स्क्रू उरला होता, आणि तो कुठला ते अजून आम्हाला सापडलेलं नाही.