जुन्या शेव्हर्ले पिकअपचे इंजिन कोड घरच्या घरी कसे वाचावेत

अमेरिकेत 1996 पासून विकल्या गेलेल्या गाड्या आणि हलक्या ट्रकना सोळा पिनांचे ठरावीक सॉकेट असते आणि त्यात बाजारातला कोणताही स्कॅनर चालतो. त्याआधीच्या, म्हणजे 1988 ते 1995 या काळातल्या पेट्रोलवरच्या शेव्हर्ले आणि जीएमसी पिकअपमध्ये मात्र तो स्कॅनर निरुपयोगी ठरतो. या गाड्यांचा संगणक आपली तक्रार दोन अंकी कोडच्या रूपात डॅशबोर्डवरील ‘चेक इंजिन’चा दिवा लुकलुकवून सांगतो, आणि ती वाचण्यासाठी कागद अडकवायची साधी क्लिप पुरते.

चालकाच्या बाजूला डॅशबोर्डच्या खालच्या कडेला बारा खाचांचे काळे सॉकेट असते. त्याच्या वरच्या ओळीतली अगदी उजवीकडची खाच ‘ए’, म्हणजे अर्थिंगची, आणि तिच्या शेजारची ‘बी’. किल्ली बंद असताना या दोन खाचा क्लिपने जोडाव्यात. इतर खाचांना क्लिप लागू देऊ नये, कारण काहींमध्ये बॅटरीचा प्रवाह असू शकतो. नंतर किल्ली ‘ऑन’ करावी, परंतु इंजिन सुरू करू नये. दिवा एकदा चमकेल, थांबेल आणि लागोपाठ दोनदा चमकेल: हा झाला 12. तो तीनदा दिसतो आणि इंजिन बंद असल्याने डिस्ट्रिब्यूटरकडून (स्पार्क प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाकडून) संकेत येत नाहीत एवढाच त्याचा अर्थ असल्यामुळे तो पाहून घाबरण्याचे कारण नाही. त्यानंतर साठवलेला प्रत्येक कोड तीन-तीनदा येतो आणि शेवटी पुन्हा 12 येतो. किल्ली फिरवूनही दिवा लागलाच नाही, तर आधी फ्यूज आणि बल्ब पाहावा. कोड कागदावर लिहून घ्यावेत. स्मरणावर विसंबू नये.

कोड हा बिघडलेल्या भागाचे नाव सांगत नाही, तो कोणत्या सर्किटमधून विसंगत संकेत आला तेवढेच सांगतो. म्हणून कोड दिसताच सेन्सर विकत आणणे म्हणजे बहुधा पैसे वाया घालवणे होय.

कोड 15 चे उदाहरण घेऊ. कूलंट अतिशय थंड आहे असे संगणकाला वाटत असते, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडतो, धूर काळा येतो आणि मायलेज घसरते. थर्मोस्टॅटजवळ इनटेक मॅनिफोल्डवर (सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळकांड्यावर) दोन वायरींचा जो सेन्सर आहे तो संगणकाचा. सिलिंडर हेडवरचा एका वायरीचा सेन्सर फक्त डॅशबोर्डवरील तापमानाच्या काट्यासाठी असतो आणि अनेक जण चुकून तोच बदलतात. किल्ली बंद करून दोन वायरींच्या सेन्सरचा कनेक्टर काढावा, त्याच्या वायरीकडील दोन्ही टोके वायरच्या तुकड्याने एकमेकांना जोडावीत, जुने कोड पुसावेत (पद्धत शेवटी दिली आहे) आणि सॉकेटमधील क्लिप काढून इंजिन काही मिनिटे चालवावे. मग कोड पुन्हा वाचावेत. आता कोड 14, म्हणजे ‘अतिशय गरम’, आला तर वायरिंग आणि संगणक ठीक असून दोष सेन्सरचा किंवा त्याच्या पिनांचा आहे. पुन्हा 15 च आला, तर वायर कुठेतरी तुटली आहे आणि नवा सेन्सर बसवूनही काही उपयोग होणार नाही. सेन्सर काढून मल्टिमीटरवर तपासला, तर खोलीच्या तापमानाला सुमारे साडेतीन हजार ओहम आणि उकळत्या पाण्यात दोनशेच्या खाली असा रोध मिळावा.

कोड 33 मध्ये मॅप सेन्सरला, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरला, निर्वात (इंजिनची ओढ) कमी मिळत असतो. सेन्सरकडे जाणारी रबरी नळी उष्णतेने तडकते किंवा सैल होते. नळी बदलली की बहुतेक वेळा काम भागते. कोड 44 ‘मिश्रण पातळ’, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, असे म्हणतो, पण त्यासाठी ऑक्सिजन सेन्सरला लगेच दोषी धरू नये. सायलेन्सरच्या पुढच्या पाइपातली गळती, इंजिनचे मिसिंग किंवा चोंदलेला इंधन फिल्टर यांनीही तोच कोड येतो. यांतल्या बहुतेक इंजिनांत इंधनाचा दाब 9 ते 13 पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) असतो. तो कमी भरला, तर आधी फिल्टर बदलावा.

कोड 54 इंधन पंपाच्या सर्किटचा आहे. त्याबरोबर सकाळी स्टार्टर बराच वेळ मारावा लागत असेल, तर रिलेवर, म्हणजे पंपाची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचवर, संशय घ्यावा. रिले गेला तरी ऑइलचा दाब वाढल्यावर ऑइल प्रेशर स्विचमार्गे पंपाला वीज मिळते आणि गाडी सुरू होते, त्यामुळे दोष कित्येक महिने लपून राहतो.

दुरुस्तीनंतर किल्ली बंद ठेवून बॅटरीची निगेटिव्ह वायर अर्धा मिनिट काढावी, म्हणजे कोड पुसले जातात. किल्ली चालू असताना ही वायर कधीही काढू नये, संगणक जळण्याचा धोका असतो. सुरुवातीला इंजिन थोडे अस्थिर चालले, तर संगणकाला नव्याने जुळवून घेण्यास वेळ द्यावा आणि इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत गाडी चालवून कोड पुन्हा वाचावेत. केवळ 12 दिसला तर काम झाले.